राजेश्वरीचा मोकळा तास

राजेश्वरीने सासूसाठी ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं, त्यात फायदा तिचाच होता: रोजचा एक तास सुटणार होता. रतनबाईंची नजर अधू झाल्यापासून तिसगावच्या त्या घरात संध्याकाळी पोथी वाचून दाखवायचं काम सुनेकडे आलं होतं. यंत्रावर अक्षर हवं तेवढं मोठं होत होतं. आता सासू वाचणार आणि सून पाय पसरून बसणार, असा तिचा साधा हिशेब.

पहिल्या दिवशी रतनबाईंनी रीतीप्रमाणे पोथीला हळदकुंकू वाहिलं, ते थेट काचेवर. बोट लागलं आणि पान उलटलं.

"अगं बया, पोथी जागी झाली!" शेजारच्या भीमाबाई ओरडल्या.

"जागी कशाची? तुजं बोट लागलं तरीबी उलटंल," म्हणत रतनबाईंनी पदराने काच पुसली आणि दोन वर्षांनी पहिली ओवी स्वतः वाचली. वाचता वाचता घळाघळा रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून ऐकायला पाच म्हाताऱ्या ओसरीवर जमू लागल्या.

"पुढची यंत्रं सोताच मोठ्यानं वाचत्याल म्हनं," भीमाबाईंनी डिवचलं, "मग तुजं काय काम?"

"वाचू देत की. पर यंत्राला काय माया हाय व्हय? मला डोळं दिलं ते माज्या सुनेनं."

आत चहा उकळत ठेवणाऱ्या राजेश्वरीने ते ऐकलं. सासूला डोळे मिळाले, म्हाताऱ्यांना पोथी मिळाली आणि सुटलेला तास रोजच्या सात कप चहात गेला. सगळ्याची किंमत तिने एकटीने मोजली, आणि कोणी न मागता चहात आलंही किसून घातलं.