मॅटवर मॅट

मी एक जुनी रबरी मॅट आहे. सध्या माझा मुक्काम एका घराच्या दाराबाहेरच्या पायरीवर आहे. येणारा-जाणारा माझ्यावर पाय पुसतो आणि आत जातो. त्याचं मला वाईट वाटत नाही, मित्रांनो. पाय हेच माझं जन्माचं काम. पण ही माझी खरी जागा नव्हे. समोर अंगणात एक छोटा निळा ट्रक उभा आहे ना, त्यात चालवणाऱ्याच्या पायांखाली माझं अर्धं आयुष्य गेलं. थोड्या वेळात तो ट्रक पुन्हा रस्त्यावर निघणार आहे. त्याच्यात काय दबा धरून बसलं आहे, हे फक्त मला ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेलं काळं रबर साच्यात दाबलं आणि मी बाहेर पडले. पाणी वाहून जाऊ नये म्हणून मला उंच काठ होता, चिखल बसायला अंगावर खोल रेघा होत्या. टाचेकडच्या बाजूला मात्र दोन गोल भोकं होती. मला वाटलं, आपण जन्मतःच फाटक्या.

दुकानात मला त्याच भोकांनी खिळ्याला टांगलं होतं. एके दिवशी एक नवराबायको आले. त्यांची रोपांची नर्सरी होती आणि त्यांनी नुकताच ट्रक घेतला होता. दुकानदारानं त्यांच्यापुढे मऊ, केसाळ मॅट पसरल्या.

"वहिनी, ही घ्या. गाडीला शोभा येते."

"आमच्या गाडीत शोभेपेक्षा चिखल जास्त बसतो," बाई म्हणाल्या.

त्यांनी एकेक मॅट हातात घेऊन उलटी केली. केसाळ मॅट ओली राहील म्हणाल्या, पारदर्शक प्लास्टिकची थंडीत तडकेल म्हणाल्या. मग मला खाली उतरवलं, ट्रकपाशी नेलं आणि गुडघे टेकून आत बसवलं. ट्रकच्या तळाला दोन हूक होते. माझी भोकं त्यांच्यावर दाबताच आवाज आला, खट्. मग दुसरा, खट्. बाईंनी मला ओढून पाहिलं. मी जागची हलले नाही.

"हीच," त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं, की मी फाटकी नव्हते.

पुढची वर्षं सुखाची होती. ओली माती, शेणखत, कुंड्यांतून गळणारं पाणी, सगळं मी काठाच्या आत धरून ठेवलं. दर आठवड्याला बाई मला काढून नळाखाली धूत आणि परत बसवताना नवऱ्याला विचारत, "दोन आवाज आले का?"

"आले गं बाई. माझं कधी एवढं कान देऊन ऐकतेस का?"

"तुम्ही एवढं स्पष्ट बोलता कुठं?"

एकदा गॅरेजवाल्यानं मला उचलून खालचा पत्रा पाहिला. गंजाचा ठिपका नव्हता. "मॅट कुणी निवडली?" त्यानं विचारलं. "बायकोनं," मालक म्हणाले. "मग तुमचीही निवड चांगली आहे म्हणायची," तो म्हणाला. ते कौतुक मी अजून विसरलेले नाही.

त्या घरात मालकांची आई होती. फार मायाळू बाई. पण वस्तू जपायची त्यांची एक तऱ्हा होती. सोफ्याला अभ्रा, अभ्र्यावर चादर, चादरीवर टॉवेल. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबरबँड. सून म्हणायची, "सासूबाई, या घरात सोफ्याचा खरा रंग कुणी पाहिलाय का?" त्या म्हणायच्या, "मी पाहिलाय. पुरे झालं."

त्यांच्या लेकीकडची मोठी गाडी विकली गेली आणि तिची एक मॅट मागे उरली. जाड, केसाळ, दिसायला देखणी. सासूबाई ती घेऊन ट्रकपाशी आल्या. बाई तेव्हा रोपांच्या शेडमध्ये होत्या.

"घाल ही," त्या मालकांना म्हणाल्या.

"आई, खाली आहे की एक. चांगली आहे."

"चांगली आहे म्हणूनच म्हणते. तिच्यावर ही घाल. जुनी जपली जाईल."

मालकांनी कात्रीनं तिच्या कडा जरा कापल्या आणि ती माझ्या अंगावर पसरली. मी कान टवकारले. आवाज आलाच नाही. ती दुसऱ्या गाडीची, तिची भोकं भलतीकडे होती. आमचे हूक माझ्यात अडकलेले आणि ती माझ्या गुळगुळीत झालेल्या पाठीवर नुसती पडलेली.

बाईंनी नंतर ती पाहिली. "मॅटवर मॅट कशाला?"

"आईला बरं वाटतं."

त्या हसल्या आणि कामाला लागल्या. मित्रांनो, त्या हसण्यावर सगळं सुटलं. चिखल आता वरच्या मॅटवर पडायचा, म्हणून मला काढून धुणंही थांबलं.

अंधारात पडल्या पडल्या मला फक्त तिची हालचाल कळायची. मालकांनी ब्रेक दाबला, की त्यांच्या टाचेबरोबर ती किंचित पुढे सरकायची. फार नाही, नखभर. मालक कधी तरी तिला पायानं मागे ओढायचे. ती पुन्हा पुढे जायची. माझ्या पाठीवरून कुणी तरी चोरपावलांनी चाललंय, असं वाटायचं. तिचाही दोष नव्हता. तिला धरून ठेवणारं काही नव्हतंच. हळूहळू तिची पुढची कड वर वळली आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलाला शिवू लागली. तिला थोपवायला मी अंग आवळून पाहिलं. दगड झाला तरी एवढा मुका नसेल.

मग तो दिवस आला. मागे कुंड्या भरलेल्या होत्या. एका लांब उतारावर मालकांनी पुढच्या सायकलवाल्याला ओलांडायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पेडल खाली गेलं आणि त्या वळलेल्या कडेखाली अडकलं. मालकांनी पाय उचलला, पेडल वर आलं नाही. इंजिन ओरडत राहिलं. त्यांनी ब्रेकवर सगळा भार टाकला, तशी ती मॅट आणखी पुढे रेटली गेली. उताराच्या पायथ्याशी माणसं रस्ता ओलांडत होती. मालकांनी ट्रक कडेच्या वाळूच्या ढिगात घातला.

माणसं वाचली. मालकांच्या पायाचं हाड मोडलं, हातही दुखावला. धडकेनं मॅट मागे फेकली गेली आणि पेडल आपोआप सुटून वर आलं. म्हणूनच गॅरेजवाल्याला काही सापडलं नाही.

"ब्रेक ठणठणीत आहेत. पेडल मोकळं आहे," तो म्हणाला. "पाय चुकला असेल. होतं असं."

"पेडल वर आलं नव्हतं," मालक म्हणाले. ते त्यांनी घरी सांगितलं, शेजारी सांगितलं. सगळे मान हलवत आणि चहा पिऊन जात. मग त्यांनी सांगायचं सोडलं. वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस खिडकीशी बसून आपल्याच पायाकडे परक्यासारखा बघू लागला. "मी आता चालवणार नाही," एवढंच म्हणाला.

ट्रक दुरुस्त होऊन आला. सासूबाईंनी आत साफसफाई केली. ती केसाळ मॅट धुऊन, वाळवून परत ठेवली. मला नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "हिला वास मारतोय. दाराशी टाकू." आता ती तिथं एकटी आहे, उघड्या हुकांवर, सैल. आणि आज बाई स्वतः ट्रक नेणार आहेत. त्याच उतारावरून.

त्या आत्ताच बाहेर आल्या. माझ्याशेजारी पायरीवर बसून बूट घालताहेत. मागून सासूबाई चादर घेऊन आल्या आहेत.

"तू चिखलाचे पाय घेऊन बसणार. त्या मॅटवर ही टाकते."

"टाका," बाई म्हणाल्या. नाडी बांधून झाली. उठण्यासाठी त्यांनी माझ्यावर हात टेकला आणि त्यांचं बोट माझ्या भोकात गेलं.

त्या उठल्या नाहीत. दुसरं भोक चाचपलं. मग ट्रककडे पाहिलं.

"सासूबाई, थांबा. चादर राहू द्या."

त्या ट्रकमध्ये वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. मग घराच्या खिडकीपाशी आल्या.

"अहो, ती केसाळ मॅट. तिची पुढची कड वळलीय. पेडलाच्या मापानं वळलीय."

मालक खिडकीतून पुढे वाकले.

"तुमचा पाय चुकला नव्हता," बाई म्हणाल्या. "आम्ही ऐकलं नाही."

सासूबाईंनी चादर छातीशी धरली होती. त्या हळूच म्हणाल्या, "मी जपायलाच घातली होती रे." मालक म्हणाले, "माहीत आहे आई." त्यांचा आवाज खूप दिवसांनी मोकळा आला.

बाईंनी मला झटकलं आणि आत नेलं. पहिला हूक, खट्. दुसरा मात्र त्या जाड मॅटखाली दबून वाकला होता. त्यांनी पक्कड आणली. मी वाट पाहत होते, खिडकीतून मालक वाट पाहत होते.

मित्रांनो, वस्तूंना झाकून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. ज्यावर आपण रोज पाय ठेवतो, तिथं अधूनमधून वाकून बघणं म्हणजे जपणं. तुमच्या घरच्या गाडीतही कुणीतरी माझ्यासारखी असेल. तिच्यावर दुसरी पसरलेली असेल, तर ती आजच उचला. ती सांगू शकणार नाही.

दुसरा आवाज ऐकू येईपर्यंत बाईंनी किल्लीला हात लावला नाही.