पत्र्याखालची झोप

कशिशने झोपेच्या गोळ्या घ्यायचे नाकारले, तेव्हा डॉक्टरांनी तिचा केसपेपर महामायाकडे सरकवला आणि एकदा घर पाहून या म्हणाले. कंधारची महामाया लातूरच्या त्या दवाखान्यात मानसोपचार विभागाची समाजसेविका होती. औषध जिथे थांबते, तिथून पुढची वाट तिच्या वाट्याला येई.

कशिश सतरा वर्षांची. ट्यूशन एरियातल्या एका वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर राहून ती डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करत होती. आधी ती रोज गादी उचलून गच्चीवर निजायला जाई. रेक्टर नागुबाईंनी गच्चीला कुलूप लावले आणि तिची झोपच संपली. डोळ्यांखाली राख साचल्यासारखी दिसू लागली. चाचणीत पेपर कोरा गेला. नागुबाई दुष्ट नव्हत्या. एवढ्या पोरी सांभाळायच्या, त्यात एकीचे काही बरेवाईट झाले तर, या धास्तीने त्यांनी सांगून टाकले होते, रविवारपर्यंत फरक पडला नाही तर पोरीला गावी न्या.

गोळी का नको, असे महामायाने विचारले होते, तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली होती,

"मॅडम, गाढ झोपले तर पळणार कशी?"

कशापासून पळायचे, हे मात्र तिला सांगता आले नव्हते.

तिचे गाव औशाच्या पलीकडे, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माळावर नव्याने वसवलेले. आखीव गल्ल्या, एकाच साच्यातली स्लॅबची घरे. कशिशच्या घराचे दार उघडले तर आत सोयाबीनची पोती आणि गाद्यांचा कापूस. माणसे शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. तिचा बाप महेबूब गाद्या भरायचा.

"साऱ्या तालुक्याला झोपवतो मी, मॅडम," तो म्हणाला, "अन् माझ्याच पोरीला झोप न्हाई. लोकांनी ऐकलं तर गिऱ्हाईक तुटंल माझं."

तो हसला, त्याची बायको बेगमबी हसली नाही. घर सोडून शेडमध्ये का राहता, या प्रश्नाचे तिला नवल वाटले. घर धान्याला असते, माणसाला पत्रा बरा, असे ती म्हणाली. मग चहा गाळता गाळता, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तशी ती सांगत गेली. भूकंपाच्या पहाटे ती अकरा वर्षांची होती. माळवदाच्या छताची माती कोसळली तेव्हा शेजारी निजलेल्या धाकट्या बहिणीचा, अर्शीचा हात तिच्या हातात होता. तो हात गार होईपर्यंत तिच्याच हातात राहिला. हे तिने लेकीला कधी सांगितले नव्हते. तिने लेकीला फक्त एक खेळ शिकवला होता: आईने टाळी वाजवली, की झोपेतून उठून अंगणातल्या लिंबापर्यंत धावायचे. कशिश नेहमी जिंकायची.

महामायाला उमगले, या मुलीला भीती कधी भीती म्हणून भेटलीच नव्हती. ती तिला अंगाईसारखी मिळाली होती. तिसऱ्या मजल्यावर लिंब नव्हता, आणि हरलेल्याचे काय होते हे तिला कुणी सांगितले नव्हते.

"पोरीला अर्शीचं सांगा, बेगमबी," ती म्हणाली. "तिला वाटतंय, आपल्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे."

शनिवारी मायलेकी दवाखान्यात समोरासमोर बसल्या. बेगमबीने अर्शीचे सारे सांगितले. ऐकून कशिश रडली नाही. तिने आईचा हात ओढून घेतला आणि तळवा उघडून बराच वेळ पाहत राहिली.

महामायाने जुन्या लातुरात पत्र्याची एक खोली शोधून ठेवली होती. कशिशने नको म्हणून मान हलवली.

"डॉक्टर झाल्यावर दवाखान्याला पत्रे टाकायला सांगू का, मॅडम? मला तिसऱ्या मजल्यावरच झोपायचंय. अम्मी, तू ये माझ्यासंगं."

बेगमबीचा चेहरा उतरला. त्र्याण्णवपासून तिने स्लॅबखाली पाठ टेकली नव्हती. महामायाने आग्रह केला नाही. तुम्हाला जमेल तेवढेच, म्हणाली. नागुबाईंना तिने फोनवर सारे समजावले. त्यांनी रविवारची अट मागे घेतली आणि आईला पंधरा दिवस राहू द्यायचे कबूल केले.

त्याच दुपारी बेगमबी भिंत धरून तीन जिने चढली. उंबऱ्याशी अडखळली, मग आत जाऊन लेकीच्या गादीवर आडवी झाली. कशिश तिला बिलगून हळू आवाजात काहीबाही बोलत राहिली. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर तुटले. ती झोपली होती.

बेगमबीचे डोळे छतावर खिळले होते. कपाळावर घाम साचला होता, श्वास वर वर चालला होता. दारातल्या महामायाने खुणेनेच विचारले, बाहेर येता का?

बेगमबीने नकारार्थी मान हलवली. अगदी हलके, लेकीच्या डोक्याखालचा हात जागचा हलू नये इतके.