काळं डेलावेअर

पाहुणे यायला जेमतेम तासभर उरला होता आणि मिस्टर विकर्स काही केल्या त्या भिंतीसमोरून हलेनात. डेलावेअरची राजधानी डोव्हर, तिथल्या संग्रहालयाचे ते प्रमुख. भिंतीवरचे नकाशे लॉरीन हिचेन्सने केलेले. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याची दोनच माणसं. म्हणून दर दोन वर्षांचा एक नकाशा, प्रत्येक राज्याचे दोन भाग, आणि ज्या पक्षाचा माणूस त्या पक्षाचा रंग. मान मोडून केलेलं काम. नोकरी मात्र हंगामी. कायम करायची की नाही, हे आजचं प्रदर्शन कसं होतं ते बघून विकर्स ठरवणार होते.

त्यांचं बोट १९०१च्या नकाशावर होतं. आपलं डेलावेअर, एवढंसं राज्य, पांढरंफटक.

"हे राहिलंय," ते म्हणाले.

लॉरीनने सांगितलं, राहिलेलं नाही, तेव्हा दोन वर्षं आपला एकही सिनेटर नव्हता. त्या काळी सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचे आमदार निवडत. ते आमदार या समोरच्या हिरवळीपलीकडच्या विधानभवनात बसून नुसते भांडले, कोणी माघार घेईना, आणि दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. विकर्सना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच! पण आज आमदार येणार, देणगीदार येणार, त्यांच्यापुढे आपलीच अब्रू चव्हाट्यावर कशाला मांडायची? पुढच्या नकाशात दोन्ही भाग तांबडे आहेत, तोच रंग इथे दे, म्हणाले.

"खोटं होईल ते."

"आणि हे खरं आहे? ॲरिझोना पांढरं, ओक्लाहोमा पांढरं. ती तेव्हा राज्यंच नव्हती. आणि आपण? राज्यघटनेला सगळ्यात आधी होकार दिला तो आपण. तुझ्या नकाशात आपला अजून जन्मच झालेला नाही."

लॉरीनने नकाशा पुन्हा पाहिला. माणूस लबाड, पण बोलणं बिनतोड. जे राज्यच नव्हतं त्याला पांढरा, आणि जे असून रिकामं राहिलं त्यालाही पांढरा! इतके महिने नकाशा डोळ्यांसमोर आणि एवढी ढळढळीत चूक दिसली नाही. तिला स्वतःचाच राग आला.

तिने मार्कर उचलला. विकर्सना वाटलं, आली एकदाची वळणावर. ते निर्धास्तपणे पाहुण्यांना घ्यायला दाराशी गेले. परत आले तेव्हा डेलावेअर काळंकुट्ट होतं. खाली रंगांचे अर्थ दिले होते, त्यांत हाताने एक ओळ वाढली होती: राज्य होतं, पाठवलं कोणालाच नाही.

पांढरं असतं तर कोणाचं लक्षही गेलं नसतं. आता आमदार बरिसबाई नेमक्या तिथेच थांबल्या. हे काय आहे, त्यांनी विचारलं.

"छपाईचा डाग," विकर्स हसून म्हणाले. "उद्या काढून टाकू. हो ना, लॉरीन?"

नुसती मान हलवायची होती. तेवढ्यावर नोकरी पक्की होती, हे तिलाही कळत होतं आणि विकर्सनाही.

"डाग नाही तो," ती म्हणाली. "आपल्याच आमदारांची करणी आहे ती." आणि तिने सगळं सांगितलं.

बरिसबाईंचं हसू मावळलं. त्यांच्याही सभागृहात अर्थसंकल्प भांडणापायी अडलेला. त्या पुढे गेल्या. विकर्स लॉरीनच्या कानाशी वाकले आणि संध्याकाळी किल्ली ठेवून जा, एवढंच म्हणाले.

तिला रडू आलं, ते तिने गिळलं. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, आपलंच राज्य असं काळं का गं? लॉरीन वळली आणि पहिल्यापासून सांगू लागली. संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.