अकरा थर

नगरपालिकेच्या तपासनीसबाईंनी टेपचं टोक भिंतीच्या पायथ्याशी बुटाने दाबून धरलं, दुसरं टोक वरच्या दगडापर्यंत नेलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "चार फूट. सुताचाही फरक नाही."

स्वयंपाकघराच्या दारात, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या तिला ते स्पष्ट ऐकू आलं. परसाच्या त्या टोकाला नवरा हात मागे बांधून उभा होता. साठी उलटलेला माणूस, पण उभा असा होता की वर्गाबाहेर काढलाय.

हयात त्याने लेथवर काढलेली. गवंडीकाम कधी बापजन्मात केलं नव्हतं. तिचे पाय गेले, आणि दाराबाहेरच्या उतरत्या परसात तिची खुर्ची उतरेना. तीन वर्षं तिचं जग उंबऱ्याशी संपत होतं. मग एके दिवशी हा दगड घेऊन आला. उताराच्या खालच्या कडेला भिंत बांधायची, मागे माती भरायची, की परस थेट उंबऱ्याला येऊन मिळेल. सात महिने खपला. ओळंबा लाव, दगड घास, पुन्हा काढ, पुन्हा बसव. ती दारातून सूचना द्यायची आणि तो म्हणायचा, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. आता माती काठोकाठ भरली होती, पण अजून बाहेर यायचं नाही अशी ताकीद होती. माती बसायला हवी.

भिंतीची बाहेरची बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. तिला दिसायची ती पाठ.

तपासनीसबाई घाम पुसत वर आल्या. पंचविशीपासून लोकांची कुंपणं मोजतेय, म्हणाल्या, शेजाऱ्यांची भांडणं मोजायला टेप पुरत नाही. पण अशी भिंत नाही पाहिली. सांध्यात नख जाईना, पाणी निघायची भोकं एका रेषेत, आणि पायथ्याशी फुलांचा वाफासुद्धा. ऐकताना तिचा ऊर भरून आला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चप्पल बघत होता.

घर दोघांच्या नावावर होतं, म्हणून सह्या दोघांच्या हव्या होत्या. त्याने केली, पेन जरा जास्तच दाबून. मग कागद तिच्या मांडीवर आला. भिंत मूळ जमिनीपासून चार फुटांहून उंच नाही, एवढंच लिहिलं होतं.

"चारच का हो?" तिने विचारलं.

बाईंना असं कुणी विचारत नसावं. त्या उंबऱ्याच्या कडेला टेकल्या आणि समजावून सांगू लागल्या. कोरडी माती गुमान उभी राहते, भिजली की ढकलते. उंची दीडेक फुटाने वाढली तरी ढकलणं जवळजवळ दुप्पट होतं. चारच्या वर जायचं तर इंजिनिअरचा नकाशा लागतो, जाडी लागते. खालच्या घरातली सून त्या भिंतीच्या आडोशालाच बाळाला उन्हात निजवते, मघाशीच पाहिलं.

पेन तिच्या हातात तसंच राहिलं. वाफ्यासाठी म्हणून त्याने ढकलगाडीच्या किती खेपा भिंतीपलीकडे नेल्या होत्या, ते तिला आठवलं. फुलांना एवढी माती कशाला, असं तिने तेव्हा विचारलं नव्हतं. साऱ्या संसारात या माणसाने एकदाच खोटं बोलायचं ठरवलं, आणि तेही स्वतःच्या तोंडाने बोलता येईना म्हणून मातीकडून वदवून घेतलं. कुणासाठी, हे काय तिला सांगायला हवं होतं?

"बाहेरून किती थर दिसतात?" तिने विचारलं.

बाईंनी वही पाहिली. "आठ."

"लावलेत अकरा. मी इथे बसून मोजलेत."

नवऱ्याने मान वर केली नाही, पण त्याचे मागे बांधलेले हात सुटले.

तपासनीसबाईंनी कागद तिच्या मांडीवरून उचलला, सावकाश मधोमध फाडला आणि एका तुकड्याची कोरी बाजू वर करून त्यावर रेघा ओढल्या. वरचे तीन थर उतरवा. मूळ जमीन लागेपर्यंत पायथ्याची माती काढा. तेच तीन थर आठ फूट आत दुसरी बुटकी भिंत म्हणून लावा, मधे फुलं लावा हवी तर. सपाट परस तेवढा आठ फुटांनी आखडेल. महिन्याने येते, म्हणाल्या, आणि जाताना त्याला एवढंच बोलल्या, "हात मात्र देवाने दिलेत तुम्हाला."

त्या रात्री तो जेवून लवकर आडवा झाला. तिने दिवा घालवला. नांगी टाकलेल्या माणसाला समजावू नये, हे तिला कळत होतं.

सकाळी पहारीचा आवाज आला. पहिला दगड सुटला होता, आणि तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कंबर सांभाळत आठ फूट आत निघाला होता. तिने ब्रेक काढला आणि चाकं उंबऱ्यावरून बाहेर घातली.

"अगं, बसली नाही माती. रुतशील."

रुतली. तिने जोर लावला, निघाली. पुन्हा रुतली. तो पुढे झाला तर तिने हात करून थांबवलं. कडेशी पोचून ती वाकली आणि तिने पहिल्यांदाच ती बाहेरची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली.

"एवढं देखणं काम," ती म्हणाली, "आणि मला सांगितलंही नाहीत."

"दाखवणारच होतो."

"द्या इकडे." तिने मांडीवर गोणपाट पसरलं.

त्याने निवडून निवडून सगळ्यात लहान दगड ठेवला. तिने तो नेला, आली. मग त्याच्याहून जेमतेम मोठा. दुपारपर्यंत तिच्या खेपांच्या दोन रेघा मातीत पडल्या, आणि हळूहळू चाकं रुतेनाशी झाली. त्याने तिथे टाच मारून पाहिली. टाच आत गेली नाही. तो वळला, आणि मघापासून बाजूला ठेवलेला कोपऱ्याचा मोठा दगड उचलून त्याने तिच्या मांडीवर ठेवला.