अमेरिकेची खबर

हायरम टेनी अमरावतीला आला तेव्हा त्याला हिंदुस्थानात येऊन वर्ष होत आलं होतं आणि त्याच्या हातून एकही माणूस त्याच्या पंथात आला नव्हता. तो मॉर्मन होता. अमेरिकेच्या पार आत, एका खाऱ्या सरोवराच्या काठी वसलेल्या या ख्रिस्ती पंथाची रीत अशी, की तरुण मुलांना, कधी संसारी पुरुषांनाही, काही वर्षांसाठी परदेशी धाडायचं. पगार नाही, खर्चाला काही नाही. कोणी दिलं तर खायचं, कोणी म्हटलं तर निजायचं. प्रचारक जोडीनं फिरत. हायरमचा जोडीदार ईफ्रेम चाळिशीचा सुतार होता. तो बायको आणि मुलं मागे ठेवून आला होता.

१८६४ सालची दिवाळी होऊन गेली होती. आगगाडी अजून अमरावतीपर्यंत पोचली नव्हती. आगगाडीपर्यंत कापूस नेऊन रिकाम्या परतणाऱ्या बैलगाड्यांतून हे दोघे आले आणि शालिकराम नावाच्या अडत्यानं त्यांना आपल्या मांडवात जागा दिली. त्या मांडवात बाया रेच्यावर बसून कापसातली सरकी वेगळी काढत. एका कोपऱ्यात गठाणींच्या आडोशाला हे दोघे राहू लागले. शालिकरामनं जागा दिली ती दयेनं दिली असंही नाही. आपल्या मांडवात अमेरिकेचा माणूस आहे, हे बाजारात सांगायला त्याला बरं वाटे.

हायरमचा दिवस ठरलेला असे. पहाटे विहिरीवर अंघोळ, एकुलता सदरा धुऊन वाळत घालणं, मग दोघांची प्रार्थना. ईफ्रेम कोणाच्या गाडीचं चाक, कोणाचं दार दुरुस्त करी आणि त्या बदल्यात भाकरी मिळे. हायरम कापसाच्या बाजारात जाऊन एखाद्या गठाणीवर उभा राही आणि मुंबईत शिकलेल्या हिंदुस्थानीत बोलू लागे. देव आजही माणसाशी बोलतो, पाण्यात बुडून उठलेला माणूस नवा होतो, असं तो सांगे. लोक जमत, शांतपणे ऐकत, आणि संपलं की विचारत, "तुमच्या मुलखातली लढाई कधी थांबते?"

त्यांना तेवढंच हवं होतं. अमेरिकेत उत्तर-दक्षिणेची लढाई जुंपल्यापासून तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला होता. लढाई चालली तर भाव टिकणार, थांबली तर कोसळणार. हायरम म्हणे, "मला ठाऊक नाही. माझं गाव लढाईपासून फार लांब आहे." लोक मान हलवत निघून जात. त्याचं नाव कोणालाच नीट घेता येत नसे, म्हणून ते त्याला हिरामण म्हणत.

खुशालराव मात्र लढाईचं विचारत नसे. तो रिद्धपूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातला कास्तकार, महानुभाव पंथाचा. गाड्या सोडल्या की तो हायरमजवळ येऊन बसे. एकदा हायरमनं त्याला कापसाची बोंडं हातात घेऊन सांगितलं, की आमच्याकडे तांबड्या वाळवंटात पाट काढून माझा बाप हेच लावतो. खुशालरावला त्यात फार गोडी वाटली. पाणी किती देता, बी कोणतं, सगळं त्यानं विचारलं. मग घरी कोण कोण आहे ते विचारलं.

"बाप आहे, आणि दोन आया," हायरम जरा अडखळून म्हणाला. याच गोष्टीवरून मुंबईतल्या गोऱ्या लोकांनी त्याला दारातून हाकललं होतं.

"बापाले दोन बायका? मंग त्यात काय लाजतं," खुशालराव म्हणाला. "आमच्या पाटलाले तीन हायेत. भांडत नाईत ना?"

"कधी कधी."

"तेवढं चालतंच."

माघ संपता संपता ईफ्रेमला ताप भरला. आधी एक दिवसाआड येई, मग रोज. हायरमनं त्याच्या कपाळाला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मुंबईहून आणलेलं तेल संपलं होतं, म्हणून रेच्यावरच्या एका बाईनं दिलेलं जवसाचं तेल त्यानं घेतलं. ताप उतरला नाही. ईफ्रेम दिवसभर गठाणीला टेकून पडून राही आणि रेच्यांचा करकर आवाज ऐकत, आपल्या मुलांची नावं पुटपुटे.

एका दुपारी शालिकराम आला. त्यानं आजाऱ्याची चौकशी केली, दूध पाठवतो म्हणाला, आणि हायरमला बाजूला नेलं.

"उद्या गाड्या येऊन राहिल्या," तो म्हणाला. "कास्तकार लोक कापूस धरून बसले. भाव अजून चढन म्हणतात. तुले विचारतीन ते. तू एवढंच म्हण, लढाई आता संपतेच हाय."

"पण मला माहीत नाही."

"कोनाले माहीत हाय? मले हाय का? तू अमेरिकेचा हाय, तुह्यं ऐकतीन. ते मले स्वस्तात विकतीन, मी मुंबईले धाडीन. कोनाचा जीव जात नाही त्यात."

शालिकरामनं मांडवाकडे नजर टाकली. "मले जागा कमी पडून राहिली, हिरामण. नवा माल इथंच ठेवा लागन. आजारी मानसाले कुठं नेशीन तू?"

त्यानं आवाज चढवला नाही. दूध मात्र त्यानं खरोखर पाठवलं आणि ईफ्रेम ते प्याला.

दुसऱ्या दिवशी हायरम नेहमीच्या ठिकाणी उभा राहिला. त्यानं देवाचं काही सांगितलं नाही. लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लढाई संपत आली आहे. कापूस विकून टाका." त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं. इतके महिने मला ठाऊक नाही म्हणणारा माणूस आज सांगतो आहे, म्हणजे त्याला काही कळलं असेल, असं लोकांना वाटलं. खुशालराव पुढेच उभा होता. तो घरी गेला, गावातल्या लोकांना घेऊन आला, आणि साऱ्या गावाचा कापूस शालिकरामच्या मांडवात उतरला. जाताना तो हायरमला म्हणाला, "बरं केलं सांगतलं."

त्यानंतर चारच दिवसांत ईफ्रेम गेला.

छावणीत इंग्रजांची दफनभूमी होती. हायरम तिथल्या पाद्रीसाहेबाकडे गेला. साहेबानं त्याला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, की तुमचा पंथ आम्ही ख्रिस्ती मानत नाही, तेव्हा या जमिनीत जागा देता येणार नाही. त्यानं दुःख व्यक्त केलं. हायरम परत मांडवात आला तेव्हा ऊन चढलं होतं आणि आत प्रेत होतं म्हणून रेच्यावरच्या बाया कामाला यायला तयार नव्हत्या.

कोणी निरोप दिला कळलं नाही, पण दुपारपर्यंत खुशालराव गाडी घेऊन आला. बरोबर त्याची बायको गोदाबाई होती.

"माह्या वावरात जागा हाय," तो म्हणाला. "आमच्या पंथातल्या बाबालोकायलेही मातीतच देतात, जाळत नाहीत. मले रीत माहीत हाय. तुह्या पोथीतलं काय म्हनाचं ते तू म्हन."

वावराच्या बांधावर, एका कडुनिंबाखाली, खुशालरावनं आणि हायरमनं मिळून खड्डा खोदला. काळी माती कोरडी आणि कठीण होती. हायरमनं प्रार्थना म्हटली, तोवर गोदाबाई पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. माती लोटून झाल्यावर हायरम खुशालरावला बाजारातल्या त्या खोट्याबद्दल सांगणार होता. वाक्य त्यानं मनात जुळवलंही होतं. पण खुशालरावनं हात धुवायला पाणी ओतलं आणि विचारलं, "आता तू कुठं राह्यशीन?" हायरम म्हणाला, मला ठाऊक नाही. "मंग आमच्याकडंच ये," तो म्हणाला. हायरमनं हात धुतले आणि ते वाक्य मनातच राहिलं.

तो वावरातल्या खोपडीत राहिला. सकाळी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायच्या, दुपारी गुरांना पाणी दाखवायचं, संध्याकाळी गोदाबाईच्या हातची भाकर खायची. रात्री प्रार्थनेला बसला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसत. त्याला झोप मात्र लागे, कारण काम कष्टाचं होतं. प्रचार करणं त्यानं सोडून दिलं होतं. कावून सांगत नाहीस आता, असं गोदाबाईनं एकदा विचारलं, तर तो म्हणाला, जोडीदाराशिवाय आमच्यात बोलत नाहीत. हेही पूर्ण खरं नव्हतं.

वैशाखात मुंबईहून तारेनं खबर आली, की अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा पडला, की गाड्या भरून निघालेले लोक अर्ध्या वाटेतून परत फिरले. कोणी माल दडवून ठेवला होता, कोणी चढ्या भावाच्या भरवशावर लग्नं ठरवली होती. शालिकरामच्या मांडवात भाव आणखी चढेल म्हणून धरून ठेवलेला कापूस आढ्यापर्यंत होता, खुशालरावच्या गावाचाही त्यातच होता. तो आता कोणी घेईना. शालिकराम काही दिवस दुकानात बसून राहिला, मग दुकानाला कुलूप घालून आपल्या भावाकडे परतवाड्याला निघून गेला.

खुशालरावच्या गावाला मात्र धक्का लागला नव्हता, त्यांचे पैसे आधीच हातात आले होते. पहिल्यांदा शेजारची म्हातारी जयवंता नारळ घेऊन खोपडीशी आली. तिनं नारळ ठेवला, नमस्कार केला आणि निघून गेली. मग दुसऱ्या गावची माणसं आली. लेकीला मूल कधी होईल, विहिरीला पाणी कुठं लागेल, असं विचारू लागली. हायरम म्हणे, मला ठाऊक नाही. पण हे उत्तर लोकांनी आधीही ऐकलं होतं. एकदा सांगितलं तर खरं सांगतो, हे त्यांना आता कळलं होतं. ते थांबायला तयार होते.

एक दिवस खुशालराव म्हणाला, "तू बाजारात पान्यात बुडवाचं सांगत होता ना? लोक तयार हायेत. मीही हावो. आमच्या पंथाचं मी सोडनार नाही, पन तुह्या देवानं आमाले वाचोलं, तर त्याच्या नावानं एक बुडी मारतो."

ज्या दिवसासाठी हायरम समुद्र ओलांडून आला होता तो हा दिवस होता. पेढी नदी आटली होती, पण एका वळणावर डोह राहिला होता. सकाळीच लोक तिथं जमले. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. हायरम धुतलेला सदरा घालून पाण्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं हात पुढे केला, आणि खुशालराव पहिला आला. हायरमनं त्याचं मनगट धरलं. पंथाचे शब्द त्याला पाठ होते. पण ते न म्हणता त्यानं मनगट सोडलं.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"काय माहीत नव्हतं?"

"लढाई संपणार आहे ते. शालिकराम म्हणाला, असं सांग. ईफ्रेम आजारी होता. मांडवातून काढलं असतं. म्हणून सांगितलं. मी खोटं बोललो."

काठावरच्यांनी ऐकलं. थोडी कुजबूज झाली. जयवंता म्हणाली, "महाराज लोक असंच बोलतात. आपली परीक्षा पाह्यतात." दोघाचौघांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, "खोटं कसं? झालं ना तसंच."

गोदाबाई म्हणाली, "खोटंच बोल्ला तो. तो सांगून राहिला ना स्वतः." तिचं कोणी ऐकलं नाही.

खुशालराव पाण्यातच उभा होता. "तुले माहीत नव्हतं," तो म्हणाला, "आन् मी साऱ्या गावाले घेऊन आलो. भाव चढला असता तं?"

"तुमचं नुकसान झालं असतं."

"आन् तू माह्या घरची भाकर खाल्ली एवढे दिवस."

"हो."

खुशालराव वळला आणि पाण्याबाहेर निघून गेला. बाकीचे थांबले. मग आम्हाला बुडव, म्हणू लागले. हायरमनं नाही म्हटलं. हात जोडून त्यानं पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. शेवटी लोकांनी आपल्या आपणच डोहात बुड्या मारल्या, ओल्या कपड्यांनी त्याच्या पाया पडले आणि घरी गेले.

त्यानंतर खुशालराव त्याच्याशी बोलला नाही. भाकर येई, पण गोदाबाई आणून देई. पाऊस जवळ आला होता. आगगाडीपर्यंत कोणाची गाडी जाते का, असं हायरमनं गोदाबाईला विचारलं. दुसऱ्या सकाळी खुशालरावनं स्वतःच बैल जुंपले.

अकोल्यापर्यंतच्या वाटेत ते मुक्काम करत गेले. पहिल्या मुक्कामाला खुशालराव वेगळा जेवला. दुसऱ्या मुक्कामाला त्यानं चटणी पुढे सरकवली. वाटेत ठिकठिकाणी झाडांखाली कोणी न नेलेल्या गठाणी पडल्या होत्या आणि त्यांवर पोरं उड्या मारत होती. अकोल्याला पोचल्यावर हायरमनं आपली वळकटी उतरवली.

"मले नुकसानाचा राग नाही," खुशालराव म्हणाला. "नुकसान झालंच नाही. खड्डा खांदताना तुले सांगता येत होतं. आपन दोघंच खांदत होतो."

"सांगणार होतो."

"मालूम हाय. तुह्या तोंडावर दिसत होतं. मले वाटलं, दोस्त मेला म्हनून हाय."

हायरमनं हात पुढे केला. खुशालराव हात मिळवण्याच्या रीतीचा माणूस नव्हता. त्यानं त्या हातात भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि बैलांना वळवलं.

मुंबईला हायरमनं आपल्या पंथाच्या मुख्य प्रचारकाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि त्याला घरी जाणाऱ्या पहिल्या जहाजावर बसवलं. तांबड्या वाळवंटातल्या बापाच्या शेतात तो परत गेला, पुढे त्यानं लग्न केलं, एकच, आणि प्रचाराला पुन्हा गेला नाही. इकडे बांधावरच्या कडुनिंबाखाली लोक काही वर्षं नारळ ठेवत राहिले. खुशालरावनं त्यांना कधी अडवलं नाही. नांगरताना मात्र तो तेवढा तुकडा सोडून बैल वळवी.