वरच्या गावाचं रक्त

तोलापाम्पा वर, सांता रोसिता मध्ये आणि उताराच्या टोकाला आमचं मिल्लुमायु. तिन्ही नगरपालिकांनी सांडपाण्यासाठी मिळून एक संघ काढला, तेव्हा शुद्धीकरणाचे तलाव आमच्या वाट्याला आले. पाणी उताराकडेच धावणार, त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. करार साधा होता. जड घाण ज्याची त्याने आपल्याच हद्दीत अडवायची, उरलेलं पाणी वाहिनीत सोडायचं, आणि तलावांतून निघणारं स्वच्छ पाणी आमच्या मक्याला मिळायचं.

आधी तलाव हिरवेगार होते, बदकं उतरायची. मग तोलापाम्पाने नवा कत्तलखाना बांधला आणि त्याचं रक्त सरळ वाहिनीत सोडलं. तलाव गुलाबी पडले. वर फेस, आणि वास असा की ताटावर बसलेलं माणूस उठून जाई. माझी भावजय निकानोरा मक्याची आंबवलेली दारू, चिचा, गाळून विकायची. चिचा तयार असल्याचं पांढरं निशाण दारावर लावलं की ट्रकवाले थांबायचे. आता ते काचा वर करून पुढे जात.

संघावर मिल्लुमायुतर्फे निकाच होती. बैठका नेहमी तोलापाम्पात, टेकडीवरच्या नगरपालिकेत, आणि मधोमध तळलेल्या डुकराच्या मांसाची परात. त्या दिवशी मीही सोबत गेले.

"डॉन एलिओदोरो, तुमच्या कत्तलखान्याचं रक्त आमच्या तलावात येतंय," ती नगराध्यक्षांना म्हणाली. "रक्तासाठी टाकी बांधायचं तुम्ही कबूल केलं होतं."

"बांधू की, निकाबाई. आणि तलाव काय तुमचे एकट्यांचे आहेत? संघाचे आहेत. संघ म्हणजे आपण सगळे."

"मग वास तेवढा आमचा एकट्यांचा कसा?"

सांता रोसिताचा प्रतिनिधी तुकडा चघळत म्हणाला, "आधी आपली चिचा हुंगून बघा, बाई. नासली असेल."

सगळे हसले. टाकीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

तोलापाम्पाची वाहिनी मुख्य वाहिनीला मिळते तिथे एक लोखंडी झडप आहे, दुरुस्तीच्या वेळी बंद करायची. बाजाराच्या दिवशी, कत्तलखाना जोरात असताना, निका, मी आणि शेजारच्या दोघी तिथे गेलो.

"त्यांचं त्यांच्या नरड्याशी येऊ दे," निका म्हणाली. चौघींनी मिळून चाक फिरवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुपारी निकाची धाकटी बहीण हिलारिया धापा टाकत आली. तिला तोलापाम्पात दिलेली, पायथ्याच्या मजूरवस्तीत. घागरा गुडघ्यापर्यंत काळालाल झालेला.

"ताई, झडप तू बंद केलीस?"

"हो."

"माझ्या मोरीतून रक्त उसळलं. चुलीपर्यंत आलंय. सासूची खाट त्यातच आहे, म्हातारीला उठता येत नाही. नगराध्यक्ष टेकडीवर राहतो, त्याची पायरीसुद्धा ओली झाली नाही. एवढं तुला कळू नये?"

"डोक्यात नाही आलं गं."

"कसं येईल? राग होता ना डोक्यात. तो आमच्या मोरीतून वर आला."

आम्ही पळत जाऊन झडप उघडली. मग निकाने हिलारियाचं घर उपसलं, धुतलं, म्हातारीला आंघोळ घातली. हिलारियाने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण निका भरलेली बादली गटारात ओतायला निघाली, तेव्हा तिने मनगट धरलं.

"तिथं ओतलंस तर पुन्हा खालीच जाणार. वर चल."

वस्तीतल्या बायाही आपापल्या बादल्या घेऊन निघाल्या. डॉन एलिओदोरो कचेरीत जेवून सुस्तावले होते. हिलारियाने बादली त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय आणलंस?"

"संघाचं आहे. तुमचा वाटा घ्या."

त्यांनी निकाकडे बोट केलं. "हे हिचं काम आहे. झडप हिने बंद केली."

"तिचं मी तिच्याशी बघते," हिलारिया म्हणाली. "रक्त तिने नाही सोडलं."

तिथून बाया उठल्या त्या कत्तलखान्याच्या फाटकातच जाऊन बसल्या. टाकी होईपर्यंत एक जनावर आत जाऊ दिलं नाही. आम्ही खालून उकडलेला मका आणि चिचा घेऊन जायचो, त्यांच्यात बसायचो. चिचा कुणाला नासकी लागली नाही.

टाकी झाली. ज्या बैठकीत ती झाल्याचं सांगितलं, त्याच बैठकीत निकाला संघावरून काढलं. सार्वजनिक मालमत्तेची नासधूस, असं कारण. पहिला हात सांता रोसिताच्या त्याच माणसाने वर केला. इतके दिवस रक्त सोडल्याबद्दल कुणाला जाब विचारला नाही.

"मला काढलं ते बरोबरच आहे," निका म्हणते. "म्हातारीच्या खाटेखाली मी रक्त नेलं. पण मग एलिओदोरो खुर्चीत कसा?" दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती हे विचारते. गिऱ्हाइकं मान हलवतात आणि पेला पुढे करतात.

तिच्या जागी आता मी जाते. तलाव अजून गुलाबीच आहेत. तळाचा गाळ कुणी काढायचा, हा विषय दर बैठकीत पुढच्या बैठकीवर जातो. हिलारिया सणाला निकाकडे येते, दारातच बसते, आणि म्हातारीने त्या दिवसानंतर निकाला आपल्या घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही.