राणीच्या गालावरचा डाग

श्यामकांत आंघोळ करून देवघराशी आले आणि ताटली बघून त्यांची मतीच गुंग झाली. मघाशी तिच्यात तांब्याचे काळपट पैसे होते. आता सगळे लखलखत होते.

"अगं, हे काय केलंस?"

"चिंच लावली. लक्ष्मीपूजनाला ताम्हण, पळी घासतेच ना? त्यातच तुमचे पैसेही घासले," सुहासिनीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या.

बँकेने बदलीवर कोलकात्याला धाडलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर इथेच रमले, आणि रमले ते जुन्या नाण्यांत. सुरुवात आईच्या पैशाने झाली. ती दर दिवाळीला कलशात सुपारीबरोबर व्हिक्टोरिया राणीचा एक पैसा टाकायची. ती गेल्यावर तो यांच्याकडे आला. त्याला सोबत म्हणून ते सियालदहच्या फुटपाथवरून त्याच सालाचे पैसे आणत गेले. हौसेला मोल नसतं, अक्कलही जरा बेताचीच असते. आज पूजेसाठी आईचा पैसा काढला, तर सगळेच एका ताटलीत मांडून बसले.

"यातला आईचा कुठला?"

"मला काय ठाऊक! तुम्हीच ओळखा."

"त्यावर काळा डाग होता गं, राणीच्या गालावर. त्यावरूनच तर ओळखायचो."

ते एकेक पैसा खिडकीशी नेऊन निरखू लागले. हा? छे. मग तो? नाक सगळ्यांचंच झिजलेलं. खाली कालीपूजेचा ढाक वाजत होता, त्याने डोकं आणखीच भणभणलं. आई दुसऱ्यांदा गेली असं त्यांना वाटलं.

"डाग?" आता सुहासिनीबाई गोंधळल्या. "सासूबाईंच्या पैशाला कुठे होता डाग? दर दिवाळीला चिंच लावून घासायच्या त्या. मला त्यांनीच शिकवलं."

"मग तो डाग?"

"तुम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंबलात, तेव्हा पडला असेल."

इतकी वर्षं आई म्हणून आपण नेमकं काय जपत होतो, तेच श्यामकांतांना कळेना. त्यांनी हाताला लागला तो पैसा नाकाशी धरला. दिवाळीत आईच्या बोटांना यायचा तोच आंबूस वास!

"हाच तो," ते म्हणाले.

खात्रीसाठी दुसरा हुंगला. मग तिसरा. सगळ्यांना तोच वास येत होता.

"अहो, मुहूर्त टळतोय."

श्यामकांतांनी अख्खी ताटली कलशात ओतली. पाणी काठावरून चौरंगावर सांडलं, आणि सुहासिनीबाई ते पुसायला उठल्या नाहीत.